दादांचे हात आणि मी

मित्रांनो, जुन्या वस्तू आपली गोष्ट सांगायला बसल्या की सुरुवात कौतुकाने करतात. कोणी आपली चमक सांगते, कोणी आपले घराणे. माझ्याजवळही तसे थोडेफार आहे, पण मला ते सांगायची लाज वाटते. मी एका छोट्या शिडाच्या होडीवरचे चाक आहे. गाडी चालवणाऱ्याच्या हातात जे चाक असते त्याचेच काम मी पाण्यावर करतो. मला उजवीकडे फिरवले की होडी उजवीकडे वळते, डावीकडे फिरवले की डावीकडे. निदान तसे व्हायला हवे.

खरे तर होडी वळवणारा मी नव्हेच. होडीच्या मागे पाण्यात एक उभी फळी असते, तिला सुकाणू म्हणतात. सगळे काम तिचे. मी ज्या खांबावर बसतो त्याच्या पोटात एक साखळी आहे. साखळीच्या टोकांना दोन तारा जोडल्या आहेत. त्या तारा दोन कप्प्यांवरून, म्हणजे खाचेच्या छोट्या चाकांवरून, वळून होडीच्या मागच्या अंधाऱ्या खणात जातात आणि तिथे सुकाणूच्या माथ्यावर बसवलेल्या अर्धगोल चकतीला ओढतात. एवढा मोठा गोतावळा खाली खारट ओलीत राबतो. वर उन्हात मिरवायला मी एकटा.

माझा जन्म एका मोठ्या होडीसाठी झाला. कारागिराने स्टीलची नळी वाकवून माझा गोल केला, आत पाच आरे जोडले आणि सांधे इतके घासले की बोटाला कळू नयेत. ती मोठी होडी पुढे मोडीत निघाली आणि मी भंगारवाल्याच्या अंगणात येऊन पडलो. फुटकी बेसिने आणि पलंगाचे पाय यांच्या ढिगात माझा सगळा तोरा उतरला. तिथून मला भाऊजींनी उचलले.

भाऊजी म्हणजे या होडीच्या मालकांचे धाकटे भाऊ. मालकांना ते दादा म्हणत, मालकीणबाईंना वहिनी, आणि वहिनी त्यांना भाऊजी. होडीवर दिवसभर हीच नावे कानांवर पडत, म्हणून मीही सगळ्यांना त्याच नावांनी ओळखतो. भाऊजींचा धंदा वाद्यांना तारा चढवून देण्याचा होता. दादांची बेकरी होती. तिचा गल्ला वहिनी सांभाळत आणि पीठ दादा स्वतः हाताने मळत. गावात इतर सगळ्यांनी मळायची यंत्रे घेतली तरी दादांनी घेतले नाही. पीठ हाताशी बोलते, यंत्राशी बोलत नाही, असे ते म्हणायचे. बाही वर सरकवून ते दंड दाखवत तेव्हा वहिनी म्हणत, पुरे झाले, दृष्ट लागेल.

त्यांच्या होडीला आधी साधा लाकडी दांडा होता. तो सुकाणूच्या माथ्यात खोचायचा आणि हाताने ढकलायचा, की झाले. एवढ्याशा होडीला चाक कशाला, असे वहिनींचे म्हणणे होते आणि ते बरोबरच होते. पण भाऊजींना वाटले की आपल्या दादाने चाकामागे ताठ उभे राहावे. दादांच्या वाढदिवशी त्यांनी मला आणले, खांब उभा केला, तारा ओढल्या. वहिनींनी आढेवेढे घेतले, पण मग त्यांनीच माझ्या कडेवर चामड्याची पट्टी टाके घालून शिवली. सुट्टीच्या दिवशी होडी बाहेर काढली की दादा आधी मला फडक्याने पुसत. शेजारच्या होड्यांवरचे लोक मुद्दाम बघायला येत. माझ्यात लोकांचे चेहरे दिसत आणि मी नाक वर करून बसे. खाली तारांवर कोणी तेलाचा थेंब टाकला का, हे मी कधी पाहिले नाही. मला त्याची गरजच वाटली नाही.

दादांच्या तळव्यांना पिठाचा वास यायचा. ते मला एका हाताने धरत आणि दुसऱ्या हाताने वहिनींनी कापलेला पाव खात. तो पाव त्यांनीच पहाटे भाजलेला असे. ते दिवस फार चांगले होते.

नवी तार वापराने थोडी ताणली जाते आणि सैल पडते. माझेही तसेच झाले. दादा मला फिरवत आणि सुकाणू जरा उशिराने हले. चाक आळशी झालेय, असे दादा हसत हसत म्हणाले. भाऊजींनी ते मनाला लावून घेतले. आपण बसवलेल्या वस्तूला दादाने नाव ठेवावे, म्हणजे काय? ते आपली हत्यारांची पेटी घेऊन मागच्या खणात शिरले, पाना लावून तार आवळली, आणि मग त्यांनी जे केले ते दुसऱ्या कोणाला सुचले नसते. त्यांनी तार बोटाने छेडली आणि कान लावून ऐकली.

तार भसाडी वाजली. ते खणातूनच म्हणाले, अजून उतरलेली आहे. पुन्हा आवळली, पुन्हा छेडली. आयुष्यभर त्यांनी तारा अशाच बसवल्या होत्या, आणि ज्या तारेला सूर नाही ती तार बरोबर बसली असे त्यांचा कान कबूल करेना. शेवटी ती खणखणीत वाजली. मग त्यांनी दुसरी तिच्याशी जुळवून घेतली. बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा एखादे वाद्य नवे करून दिल्यासारखा फुलला होता. दादांनी मला हलवून पाहिले. आता केसभरही ढिलाई नव्हती. सगळ्यांनी भाऊजींची पाठ थोपटली.

मित्रांनो, मला त्याच क्षणी कळले होते. माझ्या पोटातली साखळी करकचून ताणली होती आणि खालच्या कप्प्यांवर दिवसरात्र ओझे आले होते. मी जड झालो होतो. अगदी थोडा, पहिल्या दिवशी नवेपणा वाटावा इतकाच. दादा म्हणाले, भक्कम वाटतेय. मला वाटले ओरडून सांगावे, भक्कम नाही हो, जड. पण चाकाला तोंड नसते.

पुढे ते वाढत गेले. ओढीने कप्प्यांचे आस घासले, त्यांत मीठ साचले, आणि कप्प्या फिरायच्या ऐवजी फरफटू लागल्या. ज्या लाकडी फळीवर त्या ठोकल्या होत्या ती फळी हळूहळू उचलली जाऊ लागली. त्यामुळे तार पुन्हा थोडी सैल पडे. भाऊजी येत, छेडून बघत, म्हणत की सूर उतरलाय, आणि पुन्हा आवळत. प्रेमापोटी करत होते बिचारे. त्यांच्या प्रत्येक फेरीनंतर मी आणखी जड होई.

दादा आता मला दोन हातांनी धरू लागले. मग पाय रोवून. मग खांद्याने ढकलून. कोणी पाहिले की म्हणत, वारा जरा जास्त आहे. खांबाच्या बाजूला एक मूठ आहे. ती आवळली की मी जागच्या जागी थांबतो, म्हणजे होडी धक्क्याला असताना मी उगाच फिरत नाही. दादा निघण्यापूर्वी ती मूठ हळूच चाचपून पाहत. ती चुकून आवळलेली निघावी, अशी त्यांची फार इच्छा असे. ती नेहमी ढिलीच असायची. म्हणजे दोष आपल्या हातांचाच, असे ते समजून चालले.

खिशात त्यांनी एक रबरी चेंडू ठेवायला सुरुवात केली. वहिनी खाली चहा करायला गेल्या की ते तो दाबत बसत. वहिनींना ते माहीत होते. एकदा चेंडू घरंगळत त्यांच्या पायाशी आला, तेव्हा त्यांनी तो उचलून दादांच्या कोटाच्या खिशात घातला आणि चहा गाळायला गेल्या.

आता यात गंमत बघा, आणि मला ती गंमत म्हणवत नाही. मी वहिनींनाही जडच जात होतो. दादा चहा पीत तेव्हा त्या मला धरत, आणि त्यांनाही पाय रोवावे लागत. पण हे एवढा वेळ धरतात आणि चकार शब्द काढत नाहीत, मग आपणच कशी कुरकुर करायची, असा विचार करून त्या ओठ मिटून उभ्या राहत. भाऊजींनाही मी जड जात होतो. एकदा मला धरून त्यांना घाम फुटला. त्यांनी मला घाईघाईने परत दिले आणि म्हणाले, दादा, हे तुझ्याच हातात शोभते. तिघांच्या तळव्यांवर माझे वळ उठले होते. तिघेही तळवे झाकून बसत आणि एकमेकांना पाव वाढत. मी मध्ये उभा राहून चकाकत होतो.

सुट्टीच्या दिवशी माझ्याशी झटून दादांचे हात इतके दुखत की पुढचे दोन-तीन दिवस पीठ नीट मळले जात नसे. पाव बसका व्हायचा. गिऱ्हाईक काही म्हणत नसे, पण दादांना कापताक्षणी कळायचे. एका दुपारी वारा पडलेला असताना, होडी नुसती डुलत असताना, ते वहिनींना म्हणाले की आता बेकरी बंद करू. वहिनींनी कारण विचारले. पहाटे उठण्याचा कंटाळा आला, असे त्यांनी सांगितले. वहिनी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. त्यांना वाटले, माणूस थकलाय, हट्ट करू नये. त्या म्हणाल्या, तुम्ही म्हणाल तसे.

महिनाभरात दुकान दुसऱ्याला गेले. नव्या मालकाला भट्टीची जागा हवी होती, म्हणून भट्टी विटेविटेने उतरवली. त्या दिवशी दादा होडीवर येऊन बसले होते. त्यांनी मला पुसले नाही. नुसते माझ्यावर हात ठेवून बसले, आणि मला वाटत होते की त्यांनी मला काढून पाण्यात फेकून द्यावे.

मग होडीचीही पाळी आली. ओळखीतल्या एका मास्तरांना ती हवी होती. दादांनी शब्द देऊन टाकला आणि एक शेवटची चक्कर मारायची ठरवली. तिघेच होते. जाताना सगळे जेमतेम निभावले. परतताना वारा चढला. बंदराच्या तोंडाशी दोन बाजूंना दगडी बांध आहेत आणि मधून वाट आहे. तिथे शिरताना डावीकडे बरेच वळावे लागते. भाऊजी पुढे शिडापाशी होते, वहिनी दादांच्या शेजारी. दादांनी पाय रोवले, दात आवळले आणि सगळे अंग माझ्यावर टाकले.

खाली काहीतरी कडाडले. फळी उखडली होती, कप्पी निसटली होती, आणि तार लोळागोळा झाली होती. मी गरकन फिरलो. दादा पडता पडता सावरले आणि त्यांनी मला पुन्हा धरले. मी पिसासारखा हलका झालो होतो. त्यांनी मला एका हाताने फिरवले, मग दुसऱ्या हाताने, आणि त्यांचा चेहरा असा उजळला की तसा मी पूर्वी कधी पाहिला नव्हता.

“अगं, आले बघ,” ते म्हणाले. “हात परत आले माझे.”

वहिनींनी त्यांच्याकडे पाहिले आणि मग पुढे पाहिले. होडी वळत नव्हती. बांध तसाच समोरून जवळ येत होता. दादा मला फिरवत होते, फिरवतच होते, आणि हसू हळूहळू त्यांच्या चेहऱ्यावरून उतरत गेले. मित्रांनो, माझ्या आयुष्यात मी जे काही पाहिले त्यात हे मला सर्वांत जास्त छळते. मी त्या माणसाला खोटा आनंद दिला, आणि तोही पाच-सहा श्वासांपुरता.

“चाक सोडा,” वहिनी म्हणाल्या.

त्यांनी बाकाखालचा जुना लाकडी दांडा ओढून काढला. माझ्या मागे पायाखालच्या फळ्यांत एक गोल झाकण आहे, त्याच्याखाली सुकाणूचा माथा. झाकण घट्ट बसले होते. त्यांनी पायातली चप्पल काढून टाचेने त्यावर दोन दणके दिले, ते फिरवून काढले, दांडा खोचला आणि दोन्ही हातांनी ढकलला. होडी वळली. भाऊजींनी शीड सोडले. बांधाच्या दगडांवरचे शेवाळ दिसेल इतक्या जवळून आम्ही आत शिरलो आणि शांत पाण्यात आलो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला.

धक्क्याला होडी बांधून झाली तरी वहिनी दांड्यापाशीच बसून होत्या. त्या तो दांडा इकडून तिकडे नेत होत्या, पार या टोकापासून त्या टोकापर्यंत, आणि त्यांच्या कपाळावर आठी होती.

“अहो, सुकाणू तर हलकं आहे,” त्या म्हणाल्या. “मग मला चाक एवढं जड का जायचं?”

दादा खिशात हात घालून उभे होते. त्यांनी विचारले, “तुलाही जड जायचं?”

“हात भरून यायचे माझे. तुम्ही काही बोलत नव्हता, म्हणून मीही गप्प बसले.”

“मलाही जायचं, दादा,” भाऊजी म्हणाले. “मला वाटलं, तुझ्यासारखी ताकद नाही आपल्यात.”

मग दादांनी खिशातून हात काढले आणि दांडा हलवून पाहिला. खरेच हलका होता. पाण्यातली फळी निर्दोष होती, तिचा आस निर्दोष होता. म्हणजे दोष होता तो तिच्या आणि माझ्या मधल्या वाटेवर. भाऊजी विजेरी घेऊन मागच्या खणात शिरले. तिथे एक कप्पी उखडलेल्या फळीला लोंबकळत होती. दुसरी जागेवर होती, पण बोटाने फिरवली तर फिरेना. तिची खाच एका बाजूने खाल्लेली होती, आणि तारेचे बारीक धागे तुटून केसांसारखे उभे राहिले होते. ती दुसरी तार अजून ताणलेलीच होती, कारण तिची फरफटणारी कप्पी तिला सोडत नव्हती. भाऊजींनी सवयीने तिला छेडले. ती स्वच्छ, सुरात वाजली.

वहिनींनी हाक मारली, तरी ते बाहेर येईनात. मग आतूनच त्यांचा आवाज आला. “दादा, मी तारा सुरात लावत होतो रे.”

दादा खाली वाकले आणि खणात हात घालून त्यांनी धाकट्या भावाला दंडाला धरून बाहेर ओढले. भाऊजींचे डोळे लाल झाले होते. ते मान वर करेनात, आणि मला मानच नाही, नाहीतर मीही ती खाली घातली असती.

पुढचे काम तिघांनी मिळून केले. कुजकी फळी काढून जाड फळी घातली, खालून लोखंडी पट्टी दिली, मोठ्या कप्प्या बसवल्या, साखळीला तेल आणि तारांना ग्रीस चोळले. तारा आवळायची वेळ आली तेव्हा वहिनी खणापाशी बसल्या आणि त्यांनी भाऊजींना तारेला कान लावू दिला नाही. दादांनी मला गच्च धरायचे आणि भाऊजींनी खाली चकती हाताने हलवून बघायची. ती हलेनाशी झाली की तिथेच थांबायचे, त्यापुढे एक वेढाही नाही. छेडली असती तर तार भसाडीच वाजली असती.

मग दादा माझ्यामागे उभे राहिले. त्यांनी मला धरले नाही. नुसती दोन बोटे माझ्या आऱ्याला लावली आणि मी फिरलो. डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण. दोन बोटांनी. वहिनी हसल्या, भाऊजींनी टाळी वाजवली. दादा मात्र आपल्या त्या दोन बोटांकडे बघत होते.

“मग मी भट्टी का विझवली?” त्यांनी विचारले.

वहिनींनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि भाऊजी हत्यारे पेटीत भरू लागले.

मास्तरांना नाही कळवले. होडी राहिली, मीही राहिलो. आता निघण्यापूर्वी दादा मला पुसण्याआधी मागचा खण उघडतात, तारांवरून चिंधी फिरवतात, चिंधीला धागा अडकतो का बघतात, कप्प्या बोटाने फिरवतात. मला कधीकधी पुसायचे राहून जाते आणि ते मला योग्यच वाटते. होडीवर पाव आता विकत आणलेला असतो. दादा तो कापतात, आतली जाळी निरखतात आणि दोन घास खाऊन बाजूला ठेवतात. त्यांचे दंड अजून तसेच आहेत. हे माझ्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक नाही, पण बाही ते वर सरकवत नाहीत.

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादी वस्तू हळूहळू जड होत जाईल. दार असेल, नळ असेल, सायकलचे पायडल असेल. वरून ती कितीही चकचकीत असो, वाकून तिच्या खाली बघा आणि जे अंधारात राबते त्याला दोन थेंब तेल द्या. आणि आणखी एक करा, माझ्यासाठी करा. एखादी गोष्ट तुम्हाला जड जाऊ लागली तर आपलेच हात कमी पडले असे मनाशी ठरवून गप्प बसू नका. शेजारी जो असेल त्याला विचारा, तुलाही जड जातंय का? माझ्या दादांनी हे कोणाला विचारले नाही, त्यांना कोणी विचारले नाही, आणि मला तर तोंडच नव्हते.